अण्णासाहेबांचं इंग्रजी मानपत्र

“सर, हा माणूस चांगला आहे का वाईट, तेवढं आधी सांगा. म्हणजे वाचायला बरं पडतं.”

शालन ढोबळे उभी राहून विचारत होती. तिच्या हातात कादंबरी होती आणि कादंबरीत साठाव्या पानावर बोट होतं.

“ते तुम्हीच ठरवायचं,” मी म्हणालो.

वर्गात शांतता पसरली. प्रश्नपत्रिका तुम्हीच काढा आणि तुम्हीच तपासा, असं सांगितल्यावर पसरेल तशी. मागच्या बाकावरून मेहबूब अत्तार हळूच म्हणाला, “म्हणजे सरांना पण माहीत नाही.”

ही एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीतलं कनिष्ठ महाविद्यालय, अकरावीचा वर्ग, बेचाळीस मुलं-मुली. मी सव्वीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, इंग्रजीचा नवा मास्तर. मुलं पाचवीपासून इंग्रजी शिकत आली होती, म्हणजे पाचवीपासून प्रश्नांची उत्तरं पाठ करत आली होती. त्यांना एक अख्खं इंग्रजी पुस्तक वाचायला लावायचं, असं मी ठरवलं होतं. त्या वयात माणूस असलं काहीतरी ठरवतो.

पुस्तक आयतंच मिळालं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं कारखान्याच्या वाचनालयाला दोन खोकी भेट दिली होती, त्यातल्या एका खोक्यात एकाच कादंबरीच्या पन्नास प्रती निघाल्या. ग्रंथपालांनी पुस्तकं टिकावीत म्हणून मुखपृष्ठं आणि पहिली पानं फाडून सगळ्यांना खाकी पुठ्ठा बांधला आणि त्यावर शिक्का मारला, ‘इंग्रजी – किरकोळ’. त्यामुळे कादंबरीचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलं तिला ‘किरकोळ’ म्हणत. “सर, उद्या किरकोळ आणायचं का?” असं विचारत.

कादंबरी भयंकर होती. म्हणजे मला भयंकर वाटत होती. व्हिटलॉक नावाचा एक माणूस एका शहराचा कारभारी होतो. तो सगळ्या घरांची दारं काढून नेतो. पहाटे घंटा झाली की शहर उठतं, दुसरी झाली की जेवतं. भिंतीभिंतीवर व्हिटलॉकची तसबीर. आणि रोज संध्याकाळी प्रत्येकानं चौकात जाऊन, शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य लिहून द्यायचं. हे शिकवताना माझा आवाज कापायचा. वर्गाचं काही कापत नव्हतं.

“सर, साठ पानं झाली,” मेहबूब म्हणाला. “गोष्ट कधी सुरू होणार?”

“अरे, सुरू झालीय की. लोकांच्या घरांची दारं काढून नेली. केवढी मोठी गोष्ट आहे!”

“त्यात काय, सर? कॉलनीत दुपारचं दार लावून बघा. पाच मिनटांत चार बायका येतात, काय झालं, बरं नाही का, म्हणून.”

“बरं. आणि घंटा झाली की सगळं गाव उठतं, त्याचं काय?”

“कुठलं गाव नाही उठत, सर?”

“आणि ते वाक्य लिहून देणं?”

यावर मुलींच्या बाजूला कुजबुज झाली. मग एकीनं विचारलं, “सर, रोज एकच वाक्य का? बाकीच्या वाक्यांचं काय करायचं?”

मी उत्तर देणार एवढ्यात कारखान्याचा बाराचा भोंगा झाला आणि बेचाळीस जणांनी डबे बाहेर काढले. मी ओरडून सांगितलं, “व्हिटलॉकचं स्वभावचित्र लिहून आणा. एक पान. बुधवारी वह्या हव्यात!” शेवटच्या बाकावर धैर्यशील वाघोले झोपला होता, त्याला कुणीतरी हलवून उठवलं. तो कारखान्याच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो झोपला की वर्ग जरा मोकळं बोलायचा.

स्वभावचित्राबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे परीक्षेत स्वभावचित्र म्हणजे गुणवर्णन. धड्यातला दरोडेखोर असो नाहीतर कोल्हा, तो दयाळू, कष्टाळू आणि सर्वांना आवडणारा निघायचा. तसं लिहिलं की दहापैकी सात. शालन नेहमी आठ मिळवायची.

त्या महिन्यात अध्यक्षांची, म्हणजे अण्णासाहेब वाघोल्यांची एकसष्टी होती. एकसष्टीनिमित्त एकसष्ट हंगामी कामगारांना कायम करायचं अण्णासाहेबांनी जाहीर केलं होतं. शालनचे वडील, गणपत ढोबळे, बॉयलरवर होते. चौदा हंगाम हंगामी. हंगाम संपला की बिऱ्हाड गुंडाळून गावाकडे. मधल्या महिन्यांत शालन मावशीकडे राहून शिकायची, पण मावशीनं त्या वर्षी हात वर केले होते. गणपत कायम झाले, तर वसाहतीत खोली मिळणार आणि शालन बारावीला बसणार. नाही झाले, तर गावी जायचं, आणि गावच्या शाळेत शेवटचा वर्ग सातवीचा होता. शालन सतरा वर्षांची होती. गावात तिच्यासाठी एक काम ठरलेलं होतं आणि त्याला हळद लागते.

यादीत गणपत एकोणसाठावे होते. पण यादी कच्ची होती. कच्च्या यादीतून नाव कसं गळतं, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. मागच्या खेपेला एकाचं नाव गळलं, कारण अण्णासाहेब बोलत असताना तो शिंकला. दोनदा.

बुधवारी वह्या आल्या. मी त्या शिक्षकखोलीतल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि दाढ काढायला चार दिवस पुण्याला गेलो. अक्कलदाढ होती.

परतलो तो शनिवारी दुपारी, डावा गाल लिंबाएवढा सुजलेला. रविवारी एकसष्टीचा समारंभ. शिक्षकखोलीत पिंगळे सर वाट बघत होते. समोर टेबलावर सोनेरी चौकटीत, काचेखाली काहीतरी ठेवलेलं.

पिंगळे सर मराठी शिकवायचे आणि मानपत्रं लिहायचे. ‘लिहायचे’ हे त्यांच्या प्रेमाखातर. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एक मानपत्र लिहिलं होतं, ते इतकं उत्तम होतं की पुढे त्यांना दुसरं लिहावंच लागलं नाही. नाव बदलायचं. निवृत्त मुख्याध्यापक, बदलून गेलेले फौजदार, जिल्हा केसरी झालेला पैलवान, सगळ्यांना तेच. प्रदर्शनात पहिल्या आलेल्या वळूलाही तेच दिलं होतं. त्यातून फक्त ‘अमोघ वक्तृत्व’ एवढं गाळावं लागलं.

“आगाशे, तुम्ही ऐन वेळी दगा दिलात,” ते मला म्हणाले. “दिल्लीचे पाहुणे येणार म्हटल्यावर अण्णासाहेब म्हणाले, एक मानपत्र इंग्रजीत पाहिजे. आता इंग्रजी म्हटलं की तुम्ही. आणि तुम्ही गेलात दाढ घेऊन. पण अडलं नाही काही. बघा.”

मी बघितलं. सुरेख, वळणदार अक्षर होतं. ते अक्षर मला माहीत होतं. मजकूर इंग्रजी होता, इथे मराठीत देतो. इंग्रजीत तो जास्त चांगला होता, कारण शालनला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढंच तिनं वापरलं होतं.

‘अण्णासाहेब थोर आहेत. त्यांनी सगळ्या घरांची दारं काढून नेली. आता कुणाचंही बोलणं कुणालाही ऐकू येतं. अण्णासाहेबांची तसबीर प्रत्येक घरात असते. लोक तिच्याकडे बघून जेवतात. अण्णासाहेब सगळ्यांचे वडील आहेत. म्हणून बाकीचे वडील घरात हळू बोलतात. अण्णासाहेब हसले की लोक हसतात. ते थांबले की लोक थांबतात. विचार करायचा त्रास त्यांनी कुणाला ठेवलेला नाही. अण्णासाहेबांना कुणी घाबरत नाही, असं सगळ्यांना सांगावं लागतं.’

खाली तारीख आणि ‘आपले नम्र, समस्त विद्यार्थी’.

“पिंगळे सर,” मी सुजलेल्या गालातून म्हणालो, “हे कुठून आणलंत?”

“तुमच्या टेबलावर वह्या होत्या. सगळ्यात चांगलं अक्षर बघितलं. वर ‘ग्रेट मॅन’ असं काहीतरी दिसलं. कुणी व्हिटलॉक म्हणून थोर पुरुष असावेत. त्यांचं नाव काढून अण्णासाहेबांचं घातलं. अहो, मराठीत मी तेच करतो. इंग्रजीत काय वेगळं असणार?”

“सर, व्हिटलॉक हा त्या कादंबरीतला दुष्ट माणूस आहे.”

पिंगळे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“दुष्ट म्हणजे?”

“खलनायक. जुलमी. लोकांना छळतो.”

“पण या मुलीनं तर थोर लिहिलंय.”

“स्वभावचित्र आहे ते. सात मार्कांसाठी.”

त्यांनी चौकट स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, “अर्थ तुम्ही सांगितलात तो आता. आधी चीफ केमिस्टनं सांगितला होता. परवा मी अण्णासाहेबांकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चीफ केमिस्टला बोलावून वाचून घेतलं. तो म्हणाला, यात लिहिलंय की आपण सर्वांना वडिलांसारखे आहात. अण्णासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आगाशे. म्हणाले, कुणी लिहिलं? मी म्हणालो, ढोबळ्याची पोरगी. कोण ढोबळे? तर बॉयलरवरचा. म्हणाले, तिनंच वाचायचं रविवारी, स्टेजवर. बापाला शेजारी उभा करा. कायमची पहिली ऑर्डर त्याच्या हातात देणार.”

“आणि उद्या कुणी सांगितलं की हे कुणावर लिहिलंय, तर?”

“कोण सांगणार?”

“बेचाळीस मुलांनी याच व्हिटलॉकचं स्वभावचित्र लिहिलंय. प्रत्येकाच्या घरी ते पुस्तक आहे. धैर्यशीलच्या पण.”

पिंगळे सर खाली बसले. “तो तर पुतण्या.”

“तो तर पुतण्या.”

“वाचत नसेल हो तो,” ते म्हणाले, आणि मराठीच्या शिक्षकानं विद्यार्थ्याबद्दल एवढी आशा बाळगलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी मी ढोबळ्यांकडे गेलो. हंगामी कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली सहावी. गणपत नुकतेच पाळी संपवून आले होते. बॉयलरवर आयुष्य काढलेली माणसं एरवी बोलतात ती ओरडूनच. गणपत घरात इतकं हळू बोलत होते की मला पुढे वाकावं लागलं.

“सर, गाल लई सुजलाय. लवंग धरा की दाताखाली.”

“दाढ काढलीय.”

“मग ऱ्हाऊ द्या.” त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. “पोरीनं काय वंगाळ लिवलंय का? तुमी आलाव म्हून इचारलं.”

“नाही. उत्तम लिहिलंय.”

“मला काय त्यातलं कळत न्हाय. उद्या स्टेजवर फकस्त उबा ऱ्हायाचं म्हनलेत. हात कुटं ठिवायचे तेवडं सांगा.”

मी म्हटलं, जोडून ठेवा. ते बरं म्हणाले आणि पाणी आणायला बाहेर गेले. मला मुलीशी बोलायचंय हे त्यांना समजलं असावं. शालन स्टोव्हजवळ बसून भाकरी थापत होती.

“शालन, हे तू व्हिटलॉकवर लिहिलं होतंस ना?”

“हो, सर.”

“मग त्यात अण्णासाहेब कुणी घातले?”

“पिंगळे सर म्हणाले, नाव बदल आणि चांगल्या अक्षरात काढून दे. मी दिलं काढून.”

“काढताना तुला काही वाटलं नाही?”

“वाटलं, सर. दोन ठिकाणी स्पेलिंग.”

मी तिच्याकडे बघितलं. ती भाकरीकडे बघत होती.

“हे बघ,” मी म्हणालो, “मी आत्ता घरी जाऊन दुसरं लिहून देतो. साधं, गोड. उद्या ते वाच. कुणाला कळणार नाही.”

“अण्णासाहेबांना हे आवडलंय, सर. बदललं तर विचारतील, का बदललं. मग काय सांगायचं?”

तिनं भाकरी उलटली.

“आणि वर्गातल्या कुणी सांगितलं तर?” मी विचारलं.

“त्यांना कळलंय, सर. सगळ्यांना. गुरुवारीच कळलं.”

“धैर्यशीलला?”

तिनं भाकरी स्टोव्हच्या जाळाला लावली. ती टम्म फुगली. “तो काय करेल ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

रविवारी मंडपात चार हजार माणसं होती. पहिल्या पाळीचे आणि दुसऱ्या पाळीचे कामगार, त्यांच्या बायका, ऊसतोडीचे मुकादम, सभासद. अकरावीच्या वर्गाला गणवेशात अगदी पुढे बसवलं होतं, म्हणजे फोटोत चांगलं दिसावं. व्यासपीठावर मधोमध अण्णासाहेब, गळ्यात एकसष्ट हारांपैकी उरलेले अकरा. उजवीकडे दिल्लीचे पाहुणे, साखर खात्याचे कुणी मोठे अधिकारी, सडपातळ, मान ताठ. त्यांना मराठी येत नव्हतं. चीफ केमिस्ट त्या दिवशी रजेवर होता. हुशार माणूस.

मी मंडपाच्या कडेला, खांबाला टेकून उभा होतो. मनात एकच हिशेब चालू होता. चार हजारांपैकी इंग्रजी कळणारे सात-आठ, ते इथे नोकरीला आहेत म्हणजे बोलणार नाहीत. पाहुणे उद्या दिल्लीला जातील. राहता राहिला वर्ग.

शालन पुढे आली. गणपत तिच्या शेजारी उभे राहिले, कोरी टोपी, हात जोडलेले. तिनं वाचायला सुरुवात केली. स्वच्छ, सावकाश, मी शिकवलं होतं तसं, प्रत्येक शब्दाचा शेवट सांभाळून. पहिल्या दोन वाक्यांना पाहुण्यांनी मान हलवली. तिसऱ्याला त्यांची मान थांबली. त्यांनी शालनकडे पाहिलं, मग अण्णासाहेबांकडे, मग खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

तेवढ्यात अण्णासाहेबांनी हात वर केला.

“थांब, बाळ. लोकांना कळंना झालंय.” त्यांनी माइक स्वतःकडे ओढला. “ह्यांच्या भाषेत झालं पायजे. मास्तर कुटं हैत? इंग्रजीचं मास्तर! या वर. पोरगी एक वाक्य वाचंल, तुमी एक मराठीत सांगा. पयल्यापासनं.”

मी वर गेलो. दहा पायऱ्या होत्या. गालावर हात ठेवून सांगावं की बोलता येत नाही, असा विचार सातव्या पायरीवर आला होता. दहाव्या पायरीवर कुणीतरी माझ्या हातात माइक दिला.

समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, माझा वर्ग बसला होता. तीन महिने ज्या मुलांना एका पानात मी सतरा शब्दांचे अर्थ सांगत होतो, त्या मुलांना आज एकाही शब्दाचा अर्थ नको होता. शालन वाचायची तेव्हा मुलं तिच्याकडे बघायची, आणि तिचं वाक्य संपलं की सगळी एकदम माझ्याकडे.

‘त्यांनी सगळ्या घरांची दारं काढून नेली,’ शालननं वाचलं.

“अण्णासाहेबांनी आपल्या घराचे दरवाजे सर्वांसाठी खुले ठेवले,” मी सांगितलं.

टाळ्या पडल्या. वर्गानंही वाजवल्या, नीट, एका लयीत.

‘अण्णासाहेबांची तसबीर प्रत्येक घरात असते.’

हे वाक्य होतं तसंच चाललं. त्याला काही करावं लागलं नाही.

‘म्हणून बाकीचे वडील घरात हळू बोलतात.’

मी थांबलो. गणपत माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं. त्यांनी जोडलेले हात आणखी वर, छातीपर्यंत नेले. वर्गामागच्या रांगेतल्या बायका, ज्यांना घरातलं हे बोलणं रोज ऐकू येत होतं, त्या माझ्याकडे बघत होत्या. हे वाक्य मी होतं तसं सांगितलं असतं, तर त्यांना समजावून सांगायची गरज पडली नसती. चार हजार माणसांना ते तिथल्या तिथे कळलं असतं.

“म्हणून घराघरात,” मी म्हणालो, “शिस्त आणि आदर आहे.”

शालननं पान धरलेला हात जरा खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य वाचलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दुसऱ्याची बेरीज तपासून बघावी, तसं ते बघणं होतं. पुढची वाक्यं सोपी गेली. एकदा हात बसला की भाषांतर सोपं जातं. तिनं शेवटचं वाचलं, ‘अण्णासाहेबांना कुणी घाबरत नाही, असं सगळ्यांना सांगावं लागतं.’

“अण्णासाहेबांना कुणी घाबरत नाही,” मी सांगितलं. बाकीचं अर्धं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

क्षणभर कुणीच टाळी वाजवली नाही. समोर चाळीस जणांची तोंडं मिटलेली. आणि रांगेच्या टोकाला धैर्यशील वाघोले, टक्क जागा. मी त्याला प्रथमच पूर्ण जागा बघत होतो. त्यानं आधी शालनकडे पाहिलं, मग काकांकडे, मग हात जोडून उभ्या असलेल्या गणपतकडे. मग त्यानं हात वर केले आणि टाळी वाजवली. पहिली त्याची. मागून बाकीच्या चार हजारांची.

अण्णासाहेबांनी गणपतच्या हातात लिफाफा दिला. ‘कायम’ असं माइकवरून म्हणाले. गणपतनी लिफाफा कपाळाला लावला आणि पुन्हा हात जोडायचे म्हणून तो टोपीत खोचला. फोटो तसाच आला.

मी खाली उतरत होतो, तेव्हा दिल्लीच्या पाहुण्यांनी मला थांबवलं. ते हेलावून गेले होते. माझा हात धरून ते इंग्रजीत म्हणाले, “मी तीस वर्षं सरकारात आहे. स्वतःच्या सत्कारात, स्वतःच्या माणसांसमोर, एका मुलीकडून इतकं खरं ऐकून घेणारा अध्यक्ष मी पाहिला नाही. दिल्लीत हे कुणी सहन केलं नसतं. आणि वर त्यांनी ते लोकांना समजावं म्हणून मातृभाषेत सांगायला लावलं! माझा नमस्कार कळवा त्यांना.”

“काय म्हनत्यात?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“म्हणतात, तुमच्याएवढं मोठं मन त्यांनी कुठे पाहिलं नाही.”

त्या दिवसातलं माझं हे एकच भाषांतर मुळाबरहुकूम होतं. अण्णासाहेब दिलखुलास हसले. मग आजूबाजूचे हसले. मग अण्णासाहेब थांबले.

सोमवारी पहिलाच तास अकरावीचा. रात्रभर मी एक छोटं भाषण मनात जुळवलं होतं. त्यात ‘परिस्थिती’ हा शब्द तीनदा येत होता आणि ‘शालनच्या भल्यासाठी’ दोनदा. वर्गात शिरलो तर सगळे वेळेवर हजर, वह्या उघडून बसलेले. भाषणाला सुरुवात करणार, तोच मेहबूबनं हात वर केला.

“सर, एक शंका आहे. परीक्षेची.”

“विचार.”

“पेपरात भाषांतराचा उतारा येतो ना, सर, दहा मार्कांचा. तो मुळाप्रमाणं करायचा, का कालच्याप्रमाणं?”

कुणी हसलं नाही. चाळिसेक तोंडं अगदी अभ्यासू झाली होती. तीन महिने या वर्गाला काही कळत नाही, असं मी माझ्या मित्रांना पत्रांतून कळवत आलो होतो. दर आठवड्याला.

“परीक्षेत मुळाप्रमाणं,” मी म्हणालो.

“आणि स्टेजवर?”

हे मागून, शेवटच्या बाकावरून आलं. धैर्यशील वाघोल्यानं माझ्या तासाला विचारलेला हा पहिला प्रश्न. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी खडू हातात घेतला. माझ्या भाषणातलं एकही वाक्य मला आठवेना.

उत्तर शालननं दिलं. ती मागे वळली आणि त्याला, अगदी सहज, शेजारणीला पाककृती सांगावी तसं म्हणाली, “स्टेजवर कुणाचे वडील उभे आहेत, ते बघून.”

धैर्यशीलनं मान खाली घातली. मी फळ्याकडे वळलो आणि तारीख लिहायला लागलो. निम्मी लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मुलांनी ती आधीच लिहून ठेवली होती.